गुडघ्यामागची गाठ आणि माझी सही

ईरा, नील,

गेल्या रविवारी ईरा फोनवर म्हणाली की पळताना तिच्या पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो, आणि शाळेतल्या प्रशिक्षकांनी रोज जोरात चोळायला सांगितले आहे. मी फक्त "डॉक्टरांना दाखव" म्हणाले आणि फोन ठेवला. मला राग आला होता. ईरा, तो तुझ्यावर नव्हता, पण बोलत राहिले असते तर तुझ्यावरच निघाला असता. म्हणून लिहिते आहे.

आधी कामाचे. चोळू नकोस. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधून जरा वर आले की नाडी लागते. ती दोन्ही पायांना सारखी लागते का, हे डॉक्टरांना बघायला सांग. आधी बसून, मग थोडे पळून आल्यावर. बहुतेक काही निघणार नाही. तरीही बघून घे.

आता दुसरे. माझ्या डाव्या पायाची दोन बोटे मोटारीच्या अपघातात गेली असे तुम्हाला सांगितले गेले आहे. तुमच्या आईलाही लहानपणी तेच सांगितले होते, खरे तिला मोठेपणी कळले. अपघात झाला नव्हता.

शाळेचा रस्ता

आणीबाणी उठून वर्ष झाले होते. मी चोवीस वर्षांची होते, पवनीत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माहेर भंडाऱ्याचे, वडील कोर्टात कारकून, त्यांनी मला नागपूरला ठेवून बी.ए. करवले. सासर विणकरांचे. घरात चार खड्डामाग होते. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी पावड्या दाबतो आणि हातांनी धोटा फेकतो. शाळेतून आल्यावर मीही मागावर बसायचे. जबरदस्ती कोणाची नव्हती. मला ते काम आवडायचे. तुमची आई दीड वर्षाची होती, मागाच्या खटखटीतच तिला झोप लागायची.

घर ते शाळा वीस मिनिटांची वाट. त्या वर्षी निम्म्या वाटेवर डाव्या पोटरीत गोळा यायला लागला. मी एका किराणा दुकानाच्या ओट्यावर बसायचे, दोन मिनिटांत दुखणे जायचे, मी उठायचे. पुढे एकाच खेपेत दोनदा बसावे लागू लागले. दुकानदार म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमच्यासाठी रोज पोतं अंथरून ठेवू का?"

मग एक दिवस शाळेत मधल्या सुट्टीत मी पायावर पाय टाकून वह्या तपासत होते. समोर सुमनताई, मराठी शिकवणाऱ्या.

"काय व, मनात कोणतं गाणं चालू आहे?"

"गाणं कुठलं?"

"मंग पाय काहून ठेका धरून राहिला?"

मी खाली पाहिले. वर टाकलेल्या डाव्या पायाचे पाऊल आपोआप हलत होते, एका लयीत. मनगटाची नाडी धरली तर तीच लय. गुडघ्यामागे हात घातला तर लिंबाएवढी गाठ लागली, आणि ती हाताखाली उडत होती.

गावातल्या डॉक्टरांकडे मला सासूबाई घेऊन गेल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो आणि सासऱ्यांना मामाजी. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, घोट्याला हात लावला. माझे लुगडे घोट्याच्या वर गेले नाही. आत्याबाई काठ धरून बसल्या होत्या, डॉक्टरांनी वर करा म्हटले नाही, आणि मीही म्हटले नाही की गाठ गुडघ्यामागे आहे, ती बघा. डॉक्टर आत्याबाईंना म्हणाले, "बाळंतपणाचा अशक्तपणा आहे. रक्त कमी आहे." लाल रंगाचे औषध दिले. मी ते महिनाभर नेमाने घेतले. नेम पाळण्यात मी कधी कमी पडले नाही, चूक तिथे नव्हती.

पारबतामावशी

आमच्या भागात हातपाय दुखले की नस चढली म्हणतात आणि ती उतरवणारी बाई असते. आमच्या आळीत पारबतामावशी होत्या. बाळंतपणे करायच्या, लचक काढायच्या, नस उतरवायच्या. हाताला विलक्षण जोर. मोहाच्या बियांचे तेल घेऊन त्या तीन दिवस रोज सकाळी आल्या. इथे मात्र दार लोटून लुगडे मांडीपर्यंत वर घेतले. डॉक्टरांना जी जागा दिसली नाही, तिच्यावरच त्यांनी अंगठे रोवले.

"दुखते का पोरी?"

"दुखते."

"दुखू दे. दुखून राहिली म्हणजे उतरून राहिली."

"मावशी, ही गाठ उडते. हात ठेवून बघा."

"मंग जित्या माणसाची नस उडणार नाही तं काय करंल? मेल्यावर उडंल?"

आत्याबाई हसल्या, जावा हसल्या. मीही हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो. पारबतामावशींचा येत नाही. त्यांना कोणी शिकवले नव्हते, त्यांनी मन लावून काम केले, आणि तिसऱ्या दिवशी घासही न खाता गेल्या. मला मात्र शिकवले होते. शरीरातले रक्त कसे फिरते याचे चित्र मी स्वतः फळ्यावर काढले होते, विज्ञानाच्या बाई रजेवर असताना. आणि मी पाय पुढे केला.

पुढे मला जे समजावण्यात आले ते थोडक्यात सांगते. गुडघ्यामागून पायात रक्त नेणारी मोठी नळी जाते. माझी जन्मापासूनच एका स्नायूच्या चुकीच्या बाजूने गेली होती. चालताना आणि पावड्या दाबताना तो स्नायू तिला चिमटत होता. चिमटून चिमटून पुढे नळीला फुगा आला आणि फुग्यात रक्ताच्या गुठळ्या साचल्या. तीन दिवस चोळल्यावर त्या सुटून पावलात उतरल्या आणि वाट बंद झाली.

ताणा

तिसऱ्या दिवशी पारबतामावशी निघून गेल्या आणि तासाभरात माझे पाऊल मेणासारखे पांढरे झाले. नंतर कळ सुरू झाली. बाळंतपणाच्या कळेला मध्ये विसावा असतो, हिला नव्हता. आत्याबाईंनी भाजलेल्या मिठाची पुरचुंडी आणून लावली. मला ती गरम लागली नाही. टाचेला फोड आला तेव्हा कळले की ती फार गरम होती.

त्या सकाळी आळीत ताणा पसरलेला होता. ताणा म्हणजे लुगड्याचे उभे सूत. त्याला खळ लावतात, रस्त्यावर लांबच लांब ताणतात आणि दोन्ही बाजूंनी माणसे कुंचल्याने सारखी हात फिरवत जातात. मध्ये थांबले तर खळ वाळते, सूत एकमेकांना चिकटते आणि सगळा ताणा फुकट जातो. म्हणून ताणा लागला की घरातल्या पुरुषाला कोणी हाक मारत नाही. मयतीचा निरोपसुद्धा ताणा उचलल्यावर सांगतात.

मी खिडकीपाशी होते. तुमचे आजोबा कुंचला घेऊन खिडकीसमोरून जात होते, परत येत होते. मी त्यांना सांगितले, पाय थंड पडला, नागपूरला न्या. ते थांबले. ताण्याच्या पलीकडून मामाजी म्हणाले, "हात काहून थांबला?"

"हिचा पाय, बाबूजी."

"पाय काही पळून नाही चालला. ताणा होऊ दे."

हात पुन्हा चालू झाला. खिडकीसमोरून किती वेळा गेले ते मी मोजले नाही. दर वेळी माझ्याकडे बघायचे, हे मात्र खरे. बघण्याने काय होते?

दुपारी ताणा उचलला आणि आम्ही एसटीने निघालो. तुमची आई आत्याबाईंच्या कडेवर होती. रडली नाही. मी शाळेत जाते आहे असे तिला वाटले असावे.

इस्पितळ

नागपूरचे इस्पितळ मोठे होते. त्याचे नाव लिहीत नाही. तिथे मला वाईट वागवणारेही होते आणि वाचवणारेही, आणि दोघांच्या अंगात एकच पांढरा कोट होता. बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर दिघोरीची एक म्हातारी होती, सखूआजी. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाय घसरून मांडीचे हाड मोडलेली, पायाला वजन टांगलेले. तिने मला पहिला प्रश्न विचारला, "तुह्या पायाले वजन काहून नाही बांधलं?" जणू तिला मिळालेली एखादी वस्तू मला द्यायची राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सर्जन आले, मागे पाच-सहा शिकाऊ डॉक्टर. सर्जन चिडक्या चेहऱ्याचे, तरुणच होते. त्यांनी पांघरूण सरळ मांडीपर्यंत वर केले आणि गुडघ्यामागे बोटे ठेवली. एवढी साधी गोष्ट करायला वर्ष लागले होते. मग ते तुमच्या आजोबांना म्हणाले, "ही विडी ओढते? तंबाखू?"

"नाही जी."

मी समोर होते. मला विचारता आले असते.

मग ते शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत बोलू लागले. असली गाठ म्हाताऱ्या, विडी ओढणाऱ्या पुरुषांत दिसते, इतक्या तरुण बाईत त्यांनी पाहिली नव्हती. दोन मार्ग आहेत. फुगा काढून त्या जागी दुसऱ्या पायातली शीर जोडायची, पण ते आजच, दुपारच्या आत व्हायला हवे. नाहीतर पाय गुडघ्याखाली कापायचा. एक शिकाऊ म्हणाला, खेड्यातले लोक आहेत, दुसऱ्या पायाला हात लावू देणार नाहीत, कापणेच सोपे. त्यावर एकदोघे हसले.

मी इंग्रजीत विचारले, "जोडलेली शीर टिकते किती दिवस?"

हसणे थांबले. सर्जन पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "टिकली तर वर्षानुवर्षे. नाही टिकली तर कापावाच लागेल."

"मग जोडा."

"नवऱ्याची सही घ्या," ते सिस्टरांना म्हणाले आणि ऑपरेशन थिएटरकडे गेले.

सही

सिस्टरांनी तुमच्या आजोबांपुढे कागद धरला. त्यांनी तो वाचला. त्यांना वाचता येत होते, मॅट्रिक होते. ते म्हणाले, "बाबूजीले विचारून येतो."

मी म्हणाले, "बाबूजी पवनीला आहेत. दुपारच्या आत म्हणाले डॉक्टर."

"एक पाय खराब झाला तं झाला. चांगला पाय फाडायचा म्हणजे... उद्या तोही गेला तं? मी एकटा कसा ठरवू?"

"पाय माझा आहे."

"तसं नाही ना. घरात विचारल्याशिवाय कसं करू? तू समजून घे."

मी समजून घेतले नाही. आजही घेत नाही. ते नऊच्या गाडीने गेले. जाताना माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, वर पेला उपडा घातला, पेल्यावर रुमाल. इतकी काळजी त्यांनी त्या तांब्याची घेतली.

मी सिस्टरांना म्हटले, कागद द्या, मी सही करते. त्या म्हणाल्या, बायकांच्या ऑपरेशनला नवऱ्याची नाहीतर सासरच्याची सही लागते. मी विचारले, हा नियम कुठे लिहिला आहे, मला दाखवा. त्या म्हणाल्या, लिहिलेला कशाला हवा, सगळ्यांना माहीत आहे. मी पुन्हा विचारले. अर्ध्या तासाने पुन्हा. तोवर पावलावर निळे डाग दिसू लागले होते आणि कळ कमी होत होती. मला वाटले सुधारते आहे. ती सुधारणा नव्हती. पायाने सांगणे सोडले होते.

सखूआजी सगळे बघत होती. म्हणाली, "तुहा मालक कुठं गेला?"

"सासऱ्यांना विचारायला."

"काय विचारायले?"

"माझा पाय ठेवायचा का."

मग वजन टांगलेल्या पायासकट जेवढे उठता येईल तेवढे उठून तिने सिस्टरांना हाक मारली. "ओ बाई! हे पोरगी चांगली बोलून राहिली, इंग्रजीत बोलून राहिली, अन् तुमचा कागद तिले नाही चालत? मंग कोणाले चालते? तिच्या सासऱ्याच्या अंगात लावणार हाये का तो पाय?"

वॉर्डातल्या बायका हसल्या. सिस्टर चिडून बाहेर गेल्या. पण गेल्या त्या थेट थिएटरकडे. दीड वाजता सर्जन हातमोजे काढत आले. त्यांनी विचारले, "सही का नाही झाली?" सिस्टरांनी सांगितले. त्यांनी माझे वय विचारले, शुद्धीवर आहे हे त्यांना दिसतच होते. म्हणाले, "मग हिचीच घ्या. सकाळीच का नाही घेतली?" नवऱ्याची सही घ्या हे सकाळी त्यांनीच सांगितले होते. ते त्यांना आठवत नव्हते.

मी सही केली. साक्षीदार हवा होता. सखूआजी म्हणाली, "माहा अंगठा चालते का?" शाईचा पॅड तिच्या खाटेपाशी नेला. अंगठा उमटवून झाल्यावर बाकीची शाई तिने वजनाच्या दोरीला पुसली.

दोन वाजता मला आत नेले. सकाळी आठ ते दुपारी दोन.

पांघरूण

शीर टिकली. पाय राहिला. दोन बोटे मात्र काळी पडली, सुकली आणि तीन आठवड्यांनी काढावी लागली. मी सर्जनना विचारले, सकाळीच केले असते तर ती वाचली असती का? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. मला सांगता येते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी आले, तुमचे आजोबा त्यांच्या मागे. दोन्ही पायांना पट्ट्या बघून मामाजी खाटेच्या पायथ्याशी उभेच राहिले.

"कोणाले विचारून केलं?"

"कोणाला नाही."

"अन् हा तिकडं मले विचारायले आला, तं मी येडा म्हणून आलो का इथपर्यंत? लोक काय म्हणतील, सून आपल्या मनानं पाय चिरून आली?"

मी तुमच्या आजोबांकडे पाहिले. ते तांब्यात पाणी आहे का ते बघत होते.

त्याच दिवशी ठरले की गावात मोटारीने ठोकर दिली असे सांगायचे. सुनेने स्वतः सही केली हे सांगण्यापेक्षा मोटार बरी. मला इस्पितळातून माहेरी पाठवले. चार महिने मी भंडाऱ्याला होते, तुमची आई पवनीला. मी माहेरी आल्यावर बाराव्या दिवशी आत्याबाई तिला घेऊन एकट्या बसने आल्या, घरात न सांगता. तिला माझ्या मांडीवर ठेवले, आणि माझ्या अंगावरचे पांघरूण वर करून दोन्ही पाय पाहिले. टाचेवर मिठाच्या पुरचुंडीने भाजल्याचा डाग होता. त्यावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाल्या, "हे माह्याच हातचं." त्या सगळ्या काळात मला कोणी कबुली दिली असेल तर ती एवढीच. मी तिथे असेपर्यंत त्या आणखी तीनदा आल्या, दर वेळी तुमच्या आईला घेऊन.

मी परत शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारले, तास उभ्याने घेता येईल का? मी सगळे तास उभ्याने घेतले. पहिल्या आठवड्यात बोटांच्या जागेची जखम उलून बूट रक्ताने भरायचा. मी मोजा बदलायचे आणि पुढच्या तासाला जायचे. हे शहाणपण नव्हते. तुम्ही असे करू नका.

उजवा पाय

सर्जन म्हणाले होते की दुसऱ्या पायातही स्नायू तसाच असू शकतो. तुमचा मामा झाल्यावर, म्हणजे त्या ऑपरेशननंतर पाच वर्षांनी, उजव्या पोटरीत तसाच गोळा आला. या वेळी मी ओट्यावर बसले नाही. त्याच संध्याकाळी रजेचा अर्ज लिहिला, पोरांचे कपडे काढून ठेवले आणि जेवताना सगळ्यांसमोर सांगितले की सोमवारी मी नागपूरला जाते आहे, उजव्या पायासाठी. मामाजी ताटावरून उठले. आत्याबाई म्हणाल्या, "पोराईचं मी पाहीन."

तुमचे आजोबा सोमवारी सकाळी थैली घेऊन बसस्थानकावर आले. मी या म्हटले नव्हते. तीन तासांच्या प्रवासात ते एकदा बोलले, खिडकी लावू का म्हणून.

लवकर गेल्यामुळे फुगा झालेला नव्हता. स्नायूचा तो पट्टा तेवढा कापायचा होता, शीर लागणार नव्हती. इस्पितळ तेच, पण सर्जन दुसरे, सिस्टर दुसऱ्या. त्या कागद घेऊन आल्या आणि सवयीने तुमच्या आजोबांपुढे धरला. त्यांनी हातात घेतला. पूर्ण वाचला, सावकाश, खालपर्यंत. मग माझ्याकडे दिला.

सिस्टर म्हणाल्या, "सही तुमची लागते."

"नाही," ते म्हणाले. "तिची." मग थोड्या वेळाने, "साक्षीदाराची कुठं असते? ती मी करतो."

मी सही केली. त्यांनी खाली केली. त्यांचे अक्षर बिघडले.

तुमची आई सांगते की त्या दिवशी मी त्यांना माफ केले. हे तिने स्वतःच ठरवले आहे. त्यानंतर आम्ही अडतीस वर्षे एकत्र राहिलो, चांगले राहिलो, आणि शेवटच्या आजारात त्यांच्या कागदांवर सह्या मी केल्या, प्रत्येक वेळी आधी त्यांना वाचून दाखवून, त्यांचे ऐकून. पण ती सकाळ मी त्यांना माफ केली नाही. त्यांनी कधी माफी मागितलीही नाही. त्यांना माहीत होते की ती मिळणार नाही, आणि तरी ते थैली घेऊन बसस्थानकावर आले होते.

तुमची,
आजी